अजिंक्यपदाचे वर्ष : शालेय फुटबॉल संघ कसा घडतो

अजिंक्यपद मिळविलेल्या शाळेचे छायाचित्र बहुतेक सर्व वार्षिकांत असते. मागील रांगेत उंच मुले उभी, पुढील रांगेत ठेंगणी मुले मांडी घालून बसलेली, मध्ये चकचकीत करंडक आणि एका बाजूस शिक्षक. ते पाहून वाचकांच्या मनात कौतुक उत्पन्न होते, ते योग्यच आहे. परंतु छायाचित्र हे एका दिवसाचे असते. त्या दिवसामागे जे वर्ष गेलेले असते ते त्यात उमटत नाही. ते वर्ष कसे असते, त्यात कोणकोणत्या गोष्टी जुळून यावयास लागतात, आणि काटेवाडीसारख्या खेड्यातील मुलामुलींस हे साधण्याजोगे आहे की नाही, ह्याचा विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. पालकांच्या मनातील एक शंकाही आम्ही दृष्टीआड करणार नाही. ‘मुलगा चेंडूच्या मागे धावला, तर पुस्तकाच्या मागे कधी धावणार?’ ही ती शंका होय.

प्रथम खेळाविषयी थोडे. पायाने चेंडू उडविण्याचे खेळ जगात फार प्राचीन आहेत; परंतु आज आपण ज्यास फुटबॉल म्हणतो त्याचे नियम घालणारी संस्था लंडन येथे २६ ऑक्टोबर १८६३ रोजी स्थापन झाली. तत्पूर्वी प्रत्येक शाळेचे नियम निराळे. कोठे चेंडू हातात घेऊन पळण्याची मोकळीक, तर कोठे प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याचीही! दोन शाळांचा सामना ठरला की खेळण्याच्या आधी भांडणच होई. सर्वांस एकच नियम लागू झाले तेव्हाच एका गावाच्या मुलांस दुसऱ्या गावाच्या मुलांशी खेळता येऊ लागले. सारांश, हा खेळ इतका पसरला तो केवळ चेंडूच्या गोडीने नव्हे, तर नियमांच्या एकवाक्यतेने.

ह्या नियमांप्रमाणे चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर व वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. गोलच्या दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर. मैदानाची लांबी ९० मीटरांहून कमी नसावी व रुंदी ४५ मीटरांहून कमी नसावी. हा शेवटचा आकडा आमच्या शेतकरी वाचकांनी गुंठ्यांत मांडून पाहावा. ९० गुणिले ४५ म्हणजे ४,०५० चौरस मीटर; हे जवळजवळ बरोबर चाळीस गुंठे, अर्थात एक एकर होय. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या मुलखात एक एकर म्हणजे काय, हे येथील माणसास सांगावयास नको. त्यात ऊस उभा राहील, खोडवा येईल, मुलीचे लग्न निघेल. तेव्हा शाळेने वा ग्रामपंचायतीने मुलांच्या खेळासाठी एक एकर मोकळा ठेवावयाचा म्हणजे गावाने दरवर्षी एक पीक सोडून देण्यासारखेच आहे. अजिंक्यपदाची पहिली पायरी ही अशी असते, आणि ती मुलांच्या नव्हे, तर वडील माणसांच्या हातात असते.

आता स्पर्धेची रीत पाहू. स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. सोळा संघ असतील तर एकंदर १२० सामने होतात. ह्या पद्धतीत एखादा वाईट दिवस भरून काढता येतो. दुसरी बाद पद्धत. हीत जो हरला तो घरी गेला. सोळा संघांत अवघे १५ सामने होतात, कारण एका विजेत्याखेरीज प्रत्येक संघास एकदाच हरावयाचे असते. शाळांपाशी वेळ व पैसा थोडा असल्यामुळे त्यांच्या स्पर्धा बहुतकरून बाद पद्धतीनेच होतात.

ह्या पद्धतीचा कठोरपणा लहानशा हिशेबाने ध्यानात येईल. समजा, जिल्ह्यात चार, विभागात तीन व राज्यात तीन मिळून एका शाळेस ओळीने दहा सामने जिंकावयाचे आहेत. आणि समजा, तो संघ इतका उत्तम आहे की प्रत्येक सामन्यात त्याच्या जिंकण्याची आशा रुपयात बारा आणे आहे. मग दहाही सामने जिंकण्याची आशा किती? पाऊण गुणिले पाऊण असे दहा वेळा केले, तर उत्तर शेकडा सहाहूनही कमी येते. म्हणजे रुपयात एक आणाही नाही! विद्यार्थ्यांनी हा गुणाकार पाटीवर अवश्य करून पाहावा. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. अजिंक्यपद ही विरळा वस्तू आहे, म्हणून ते मिळविणाऱ्यांचे कौतुक व्हावे. आणि जे संघ मिळवू शकले नाहीत त्यांचे वर्ष वाया गेले असे समजणे हे गणिताच्याही विरुद्ध आहे.

आपल्या राज्यात शालेय स्पर्धा शासनाच्या क्रीडा व युवक सेवा खात्यामार्फत होतात. तालुका अथवा जिल्ह्यापासून आरंभ होऊन विभाग, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्या चढत जावयाचे असते. त्यांखेरीज शाळांसाठी अखिल भारतात मानाची अशी सुब्रतो करंडक स्पर्धा आहे. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी ह्यांचे नाव तिला दिलेले असून ती १९६० साली सुरू झाली. मुलींसाठीही तीत स्वतंत्र विभाग आहे.

ह्या मुलींच्या विभागातील एक उदाहरण आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. हरियाणात भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचे खेडे आहे. तेथील सरकारी शाळेत खेळाचे शिक्षक गोरधन दास हे मुलांस कबड्डी शिकवीत. शाळेतील मुली त्यांच्या मागे लागल्या की, आम्हांसही काही खेळावयास द्या. तेव्हा त्यांनी त्यांच्या हाती एक फुटबॉल दिला. मुलींजवळ बूट नव्हते, मैदानही धड नव्हते. परंतु खेळ सुटला नाही. मोठ्या मुली धाकट्यांस शिकवू लागल्या. पुढे ह्याच खेड्याच्या शाळेने २०१५ व २०१६ साली सुब्रतो करंडक स्पर्धेत मुलींचे अजिंक्यपद मिळविले, आणि गावच्या संजू यादव भारताच्या महिला संघातून खेळल्या. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, शिक्षक फुटबॉलचे पंडित नव्हते. ते कबड्डीचे होते. आमच्या पुणे जिल्ह्यात कबड्डी जाणणाऱ्या शिक्षकांची काही वाण नाही. म्हणून ‘आमच्याकडे शिकविणारा कोण?’ ह्या प्रश्नाने कोणी खचून जाऊ नये.

मराठी मुलखात फुटबॉलचे माहेर म्हणजे कोल्हापूर होय. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या नगरीत कुस्तीच्या तालमींचे मोठे प्रस्थ माजले. पुढे त्याच तालमींतील तरुणांनी फुटबॉल उचलला. म्हणून तेथील संघांची नावे आजही पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही संस्था १९४० साली निघाली. शाहू मैदानावर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. कधी कधी समर्थकांचा उत्साह मर्यादा सोडतो व खेळास कमीपणा येतो, हेही खरे. तथापि ज्या गावात मातीतील कुस्तीची रग होती तेथेच चेंडूचा खेळ रुजला, ही गोष्ट बोधप्रद आहे. आखाड्याची शिस्त, पहाटे उठणे, वस्तादाचा शब्द मानणे, हे सर्व नव्या खेळाच्या कामी आले.

ह्याच कोल्हापुरातील अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला व २०१७ साली भारताच्या सतरा वर्षांखालील संघात निवडला गेला. त्या वर्षी जागतिक स्पर्धा भारतात भरली होती. तत्पूर्वी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात हजारो शाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा उपक्रमही झाला. दिल्लीच्या मैदानावर भारतीय मुले ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ३–०, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून २–१ व १२ ऑक्टोबरला घानाकडून ४–० अशी हरली. तीन सामने, तिन्ही पराभव. परंतु कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंग ह्याने केलेला गोल हा जागतिक फुटबॉल स्पर्धेतील भारताचा पहिलाच गोल ठरला. कित्येक वर्षे ज्या दारावर भारतीयांनी पाऊलही ठेविले नव्हते, ते दार त्या मुलांनी किलकिले केले. करंडक न मिळविताही एखादा संघ आपल्या मागून येणाऱ्यांसाठी वाट करून ठेवितो, ती अशी.

मिशन शाळांचा व ह्या खेळाचा संबंध जुना आहे. त्यातील श्रीनगरची हकीगत प्रसिद्ध आहे. तेथील मिशन शाळेचे मुख्याध्यापक टिंडेल-बिस्को ह्यांनी १८९१ साली कातड्याचा चेंडू शाळेत आणिला. शाळेत बहुसंख्य मुले ब्राह्मणांची. कातडे अपवित्र, त्यास आम्ही शिवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन मुलांस मैदानावर उभे करण्यात आले. खेळ सुरू होताच चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला, आणि आपण बाटलो असे समजून तो रडू लागला. त्यास पाण्यावर नेऊन तोंड धुवावयास लाविले, व खेळ पुन्हा सुरू झाला. काठीचा धाक घालून कोणास खेळावयास लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्याचा त्याचा संकोच समजून घेऊन तो दूर करणे हाच खरा मार्ग. परंतु ज्या कातड्याच्या भयाने माणूस माणसापासून दूर राहत होता, तेच कातडे पुढे सर्वांनी एका मैदानावर लाथाडले, हेही इतिहासात नमूद आहे. चेंडू कोणाच्या पायाकडून आला हे पाहत बसणाऱ्याच्या हातून गोल होत नाही.

विजयी हंगाम म्हणजे काय, ह्याचा आदर्श पाहावयाचा तर कलकत्त्यास जावे लागेल. १९११ साली मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्ड ही ढाल जिंकिली. तो शाळेचा संघ नव्हे. तथापि प्रत्येक शालेय गड्याने त्याची कथा जाणावी. पहिल्या सामन्यात सेंट झेवियर्सवर ३–० असा जय. मग रेंजर्सवर २–१. मग रायफल ब्रिगेडवर १–०. उपांत्य सामन्यात मिडलसेक्स रेजिमेंटशी १–१ अशी बरोबरी झाली. तो सामना पुन्हा खेळावा लागला व त्यात ३–० असा विजय मिळाला. २९ जुलै रोजी अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने पहिला गोल केला. कप्तान शिवदास भादुरी ह्यांनी तो फेडला, आणि अखेरच्या क्षणांत अभिलाष घोष ह्यांनी दुसरा करून ढाल आणिली. अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. बूट घालणारे एकटे सुधीर चॅटर्जी. हे अध्यापन करणारे ख्रिस्ती गृहस्थ असून पुढे धर्मोपदेशक झाले. बूट घातलेला व बूट नसलेले, हिंदू व ख्रिस्ती, असे सर्व एका रांगेत उभे होते. राज्यकर्त्यांच्या पलटणीस भारतीय माणसे मैदानात हरवू शकतात, हे सर्व देशाने त्या दिवशी पाहिले.

आता आत शिरून संघ चालतो कसा ते पाहू. अकरा गड्यांत एक गोलरक्षक. त्याच्यापुढे बचावाची फळी, मग मधली फळी व शेवटी आघाडी. प्रेक्षकाचे डोळे चेंडूवर असतात. परंतु नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका गड्याच्या पायांत चेंडू फार तर दोनतीन मिनिटे येतो. उरलेला सर्व वेळ तो चेंडूवाचून धावतो. उत्तम दर्जाचे गडी एका सामन्यात नऊ ते बारा किलोमीटर धावतात. म्हणजे काटेवाडीहून बारामतीस पायी जाण्याइतके अंतर! ते धावणे कशासाठी? मोकळी जागा करण्यासाठी, सोबत्यास वाट देण्यासाठी, चुकलेल्याची जागा भरून काढण्यासाठी. तुकाराम महाराजांच्या पालखीपुढे आपल्या गावात मेंढ्यांचे रिंगण होते, ते सर्वांनी पाहिले आहे. एक मेंढी वळली की तिच्यामागे सर्व वळतात, आणि रिंगण तुटत नाही. संघाचेही असेच, मात्र येथे प्रत्येकाने दुसऱ्याचे पाहून नव्हे, तर दुसऱ्यासाठी विचार करून वळावयाचे असते.

गोलरक्षकाचे काम सर्वांत एकाकी. पेनल्टीचा फटका गोलपासून ११ मीटरांवरून मारतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदास २० मीटर जातो; म्हणजे तो अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळात गोलात शिरतो. इतक्या वेळात पाहणे, ठरविणे व झेप घेणे ही तिन्ही साधणे दुर्घट. म्हणून मारणाऱ्याचा खांदा व टेकलेला पाय पाहून रक्षकास आधीच एक बाजू धरावी लागते. ती चुकली तर तो मूर्ख दिसतो. बरोबर आली तर देव. वस्तुतः दोन्ही वेळी त्याने कामगिरी सारखीच केलेली असते. गोल झाल्यावर गोलरक्षकाकडे डोळे वटारून पाहणारा संघ फार पुढे जात नाही, असे जाणते लोक सांगतात ते ह्यासाठीच.

आता पालकांच्या शंकेकडे वळतो. खेळाने अभ्यास बुडतो काय? सरावास दिवसाकाठी तास-दीड तास पुरतो. तेवढा वेळ नियमित काढणारा मुलगा उरलेल्या वेळाची किंमत ओळखू लागतो. शालेय खेळांत प्रावीण्य दाखविणाऱ्यांस दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत आपल्या राज्यात आहे, हेही जाणून असावे. परंतु केवळ गुणांसाठी मुलास मैदानावर धाडू नये. खर्चाचे भय धरण्याचेही कारण नाही. एका चेंडूवर बावीस मुले खेळतात. इतका स्वस्त व इतक्यांस पुरणारा खेळ थोडाच असेल. पोटास मात्र कमी पडू देऊ नये. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, गूळ, जमल्यास दूध व अंडे, एवढ्याने भागते. घोटा मुरगळला तर लगेच चोळू नये. थंड पाण्याने शेकावे, पाय उंच ठेवावा व सूज न उतरल्यास डॉक्टरांस दाखवावे. डोक्यास मार बसून चक्कर आल्यास त्या दिवशी मुलास पुन्हा मैदानावर कदापि पाठवू नये, सामना कितीही मोठा असो.

आणखी दोन गोष्टी आम्हांस आवर्जून सांगावयाच्या आहेत. ऊसतोडीच्या हंगामात ह्या भागात बाहेरगावची कुटुंबे येतात व इतर भागांत येथून जातात. अशा कुटुंबांतील मुलांचे शिक्षण तुटते, तसा खेळही तुटतो. शाळेच्या पटावर आज असलेला चपळ मुलगा दोन महिन्यांनी दुसऱ्याच फडावर कोयत्यामागे मोळ्या बांधीत असेल, तर हानी एकट्या संघाची नव्हे. अशा मुलास नातेवाइकांकडे वा वसतिगृहात ठेवून घेता आले, तर गावाने ते अवश्य करावे. दुसरी गोष्ट मुलींची. मैदानाची वेळ मुलांनी व्यापून उरेल ती मुलींस, असे होता कामा नये. अलखपुऱ्याच्या मुलींस चेंडू मागावा लागला, आमच्या मुलींस तो न मागता मिळावा.

शेवटी प्रामाणिकपणाविषयी. सतरा वर्षांखालील स्पर्धेत एकोणीस वर्षांचा गडी उतरविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. असे उघडकीस येऊन देशातील शालेय स्पर्धांतून संघ बाद झालेले आहेत. मनगटाच्या हाडांची तपासणी करून वयाचा अंदाज घेण्याची रीतही आता निघाली आहे. परंतु तपासणीचे भय हे कारण गौण होय. खोट्या वयाने मिळविलेला करंडक कपाटात ठेवता येतो, त्याकडे पाहता मात्र येत नाही. शिवाय त्या थोराडाने ज्या खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची जागा घेतली, त्याचे ते एकच वर्ष होते. पुढील साली तो कदाचित शाळेतही नसेल.

विद्यार्थ्यांनो, संघात अकराच जागा असतात व शाळेत तुम्ही शेकड्यांनी आहां. तुम्हांपैकी बहुतेकांचे नाव त्या छायाचित्राखाली छापले जाणार नाही. परंतु सरावात विजयी संघाशी झुंजणारा दुसरा संघ कोणी तरी व्हावेच लागते. रेषा आखणारा, पाणी आणणारा, हरलेल्या दिवशी मित्राचे दप्तर उचलून त्यास घरापर्यंत पोहोचविणारा कोणी तरी लागतोच. विजयी वर्ष ह्या सर्वांचे मिळून होते. आणि पालकहो, तुमच्याकडे आमचे मागणे एवढेच आहे की, एक एकर जागा, दिवसाचा एक तास, आणि मुलगा हरून घरी आला तर त्यास ‘किती गोलांनी?’ असे विचारण्याआधी ताट वाढून द्यावे.